उदासीन पाहिजे

मामा बिघडले आहेत, हे सगळ्यात आधी संस्थापकांच्या पुतण्याच्या लक्षात आलं.

मामा तसे नात्याने कुणाचेच मामा नव्हते. घड्याळदुरुस्तीचं दुकान विकून ते मोकळे झाले होते आणि संस्थेने त्यांना एका खास कामावर नेमलं होतं. काम असं, की वर्षातून एक दिवस खुर्चीत बसायचं आणि कशातही रस घ्यायचा नाही. संस्थेत या पदाला 'उदासीन' म्हणत. मामांनी हे पद कित्येक वर्षं डोळ्यांत तेल न घालता सांभाळलं. पण यंदाच्या तयारीच्या बैठकीला ते गळ्यात दुर्बीण अडकवून आले आणि अध्यक्षबाई बोलत असताना मध्येच उठून खिडकीकडे धावले. बाहेरच्या तारेवर एक पक्षी बसला होता, आणि मामांच्या मते या दिवसांत त्याने तिथे बसायचं काही कारण नव्हतं.

"हा माणूस उदासीन?" पुतण्याने शांतपणे विचारलं.

मामांनी ते ऐकलंच नाही, कारण ते पक्ष्याच्या शेपटीवरचे पट्टे मोजत होते.

आता ही भानगड नीट कळायची तर संस्थापकांपासून सुरुवात करावी लागेल. संस्थापकांनी आयुष्यभर शर्टाची बटणं विकली आणि म्हातारपणी ते जंगलांच्या प्रेमात पडले. त्यांचं म्हणणं असं, की जंगल वाचवणारे पुष्कळ आहेत. जंगल का वाचवायचं हे सांगताना समोरच्याला जांभई न आणणारे फार थोडे. म्हणून त्यांनी शिष्यवृत्ती काढली ती निसर्ग वाचवणाऱ्यांसाठी नाही, तर निसर्ग वाचवायला शिकवणाऱ्यांसाठी. ज्याला ही शिष्यवृत्ती मिळेल त्याचं शिक्षण संस्था करणार आणि त्याने त्या बदल्यात वर्षभर शाळाशाळांतून मुलांना शिकवायचं.

निवडीची पद्धतही त्यांनीच घालून दिली. मुलाखत नाही, मार्क नाहीत, निबंध तर नाहीच. प्रत्येक उमेदवाराने एक पाठ घ्यायचा, आणि तो एका अशा माणसासमोर, ज्याला त्या विषयात काडीचाही रस नाही. पाठ संपायच्या आत त्या माणसाने आपणहून एक प्रश्न विचारला, तर उमेदवार पास. आणि ज्या वर्षी एकाही उमेदवाराला असा प्रश्न मिळणार नाही, त्या वर्षी योजना बंद करायची आणि वरच्या मजल्याची ही जागा पुतण्याला द्यायची.

पुतण्याचं खाली सोफ्यांचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. उलट इतका नम्र, की समोर कुणी दिसलं की "बसा ना" म्हणाल्याशिवाय राहायचा नाही. फक्त त्याचे सोफे दुकानात मावत नव्हते. काही सोफे जिना चढून संस्थेच्या पॅसेजमध्ये आले होते आणि प्लॅस्टिक न काढता, किमतीची चिठ्ठी छातीवर लावून, योजना बंद व्हायची वाट बघत उभे होते.

या सगळ्याचा गाडा ओढायची ती धाकटी. घरात दोन बहिणींतली धाकटी म्हणून हे नाव. एकदा तिची आई संस्थापकांसमोर तिला अशी हाक मारून बसली आणि तेव्हापासून ऑफिसातही तेच चिकटलं. शाळांना पत्रं पाठवणं, उमेदवार गोळा करणं, मागच्या वर्षीच्या मुलांनी कुठल्या गावात काय गोंधळ घातला ते निस्तरणं, सगळं तीच करायची. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर शाळांनी पाठवलेली चित्रं होती. एका मुलाने घुबड काढून खाली लिहिलं होतं, 'आधी मी याला घाबरत होतो, आता हे मला घाबरतं.' योजना बंद झाली तर हे घुबड कुठल्या सोफ्याच्या पाठीमागे जाईल, या विचाराने धाकटी त्याच्या टाचण्या पुन्हा पुन्हा घट्ट करायची.

"मामा बाद," अध्यक्षबाईंनी निकाल दिला. त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी घंटा सुटली नव्हती, ती त्यांनी येताना बरोबर आणली होती. "धाकटे, शनिवारी पाठ आहेत. तोवर नवा उदासीन शोध."

मामांनी दुर्बीण खाली केली. त्यांचा चेहरा पडला होता. इतकी वर्षं वटवाघळं, बेडूक, गांडुळं ऐकून घेतली, दगड असता तरी पाझर फुटला असता, यात माझी काय चूक, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं होतं. शिष्यवृत्तीच्या सगळ्या इतिहासात तिचा सगळ्यात मोठा परिणाम मामांवर झाला होता.

धाकटीने दुसऱ्याच दिवशी चौकातल्या फळ्यावर जाहिरात लावली. 'उदासीन पाहिजे. एक दिवसाचे काम. विषयात रस नसणे आवश्यक. इच्छुकांनी प्रत्यक्ष भेटावे.'

इच्छुकांनी प्रत्यक्ष भेटावे, यातच घोडं पेंड खात होतं. हे तिला लोक यायला लागल्यावर कळलं.

पहिला आला त्याने या पदाबद्दल इतके प्रश्न विचारले की धाकटीला पाणी प्यावं लागलं. दुसऱ्याने घरी आरशासमोर सराव केला होता आणि खुर्चीत बसून भिंतीकडे कसं बघायचं याची दोन वेगवेगळी प्रात्यक्षिकं दिली. एक बाई म्हणाल्या की त्यांना कशातच रस नाही, पण ही नोकरी मिळाली तर मात्र त्या जीव ओतून काम करतील. मामा कोपऱ्यात बसून बघत होते. दुपारी त्यांनी अनुभवाचे बोल सुनावले. म्हणाले, जो आला तो बाद. खरा उदासीन जाहिरात वाचणारच नाही, वाचली तरी येणार नाही.

हे पटण्यासारखं होतं. म्हणून त्यांनी येणाऱ्यांना परत पाठवायला सुरुवात केली आणि न येणाऱ्याची वाट बघत बसले. संध्याकाळपर्यंत गावातले बहुतेक सगळे लोक आले नाहीत. पण त्यांतला नेमका कोण उदासीनपणामुळे आला नाही, हे काही कळेना.

धाकटी घरी आली ती तोंड पाडून. स्वयंपाकघरात आई होती. धाकटीने तिला सगळं सांगितलं: मामा बिघडले, जाहिरात फसली, शनिवार आला. आईने भांडी पुसता पुसता ऐकून घेतलं आणि फडक्यानेच बाहेरच्या खोलीकडे खूण केली.

"घरात विहीर असताना गावभर पाणी शोधत काय फिरतेस?"

बाहेरच्या खोलीत बाबा बसले होते.

बाबांनी सगळी नोकरी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. अमकी गाडी किती वाजता, तमकी कुठे लागते, लहान मुलाला तिकीट पडतं का, मुलगा लहान कधीपर्यंत धरतात, अशा प्रश्नांचा लोंढा त्यांनी रोज अंगावर घेतला. उत्तरं द्यायची ती खिडकीच्या आत बसून. प्रश्न विचारणं हे खिडकीबाहेरच्या लोकांचं काम. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, पण बाबा काही बाहेरच्या बाजूला आले नाहीत. त्यांनी कधीच कुणाला काही विचारलं नाही. आई सांगायची, मला बघायला आले तेव्हा यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही, पत्रिका छापून आली तेव्हा वाचलं. थोरली परगावी गेली तेव्हा ती कुठे चाललीय हे त्यांना पेटीवरच्या पत्त्यावरून कळलं. धाकटी इतकी वर्षं रोज सकाळी डबा घेऊन निघायची, ती कुठे जाते आणि काय करते हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचे, "बसते कुठेतरी."

धाकटीला याचं वाईट वाटायचं बंद होऊनही बराच काळ झाला होता. किमान तिची तशी समजूत होती.

"बाबा," ती म्हणाली, "शनिवारी माझ्या ऑफिसात येऊन खुर्चीवर बसाल?"

"बसेन," बाबा म्हणाले.

का, कशाला, किती वेळ, काहीही नाही. असा कसलेला माणूस घरात असून तिने फळ्यावर जाहिरात लावली होती.

शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन हजर झाले. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. पण छत्री घ्यायची का हे विचारण्यापेक्षा ती घेणं त्यांना सोपं वाटायचं. पॅसेजमध्ये तिन्ही उमेदवार सोफ्यांवर बसले होते. सोफे इतके मऊ होते की त्यांतल्या एकाचे फक्त गुडघे आणि डोकं दिसत होतं. बाबा त्या सगळ्यांमधून, कुणाकडेही न बघता, सरळ खोलीत गेले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

पुतण्याने परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना मान्यता द्यायला नकार दिला. तो हळूच त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"काका, तुमच्या खांद्यावर पाल आहे."

"बसू दे," बाबा म्हणाले.

"खाली रस्त्यावर वाघ आलाय म्हणतात."

"जाईल."

पुतण्या हरखला. त्याने बाबांच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला. नाकावर माशी बसली असती तर तीही कंटाळून उठली असती, असा तो चेहरा होता. मामांनी तर मान खाली घातली. आपण इतकी वर्षं स्वतःला उदासीन म्हणवत होतो याची त्यांना लाज वाटली असावी. अध्यक्षबाई घंटा वाजवणार, इतक्यात आईने पाठवलेला डबा धाकटीने बाबांपुढे केला, "बाबा, भूक लागली तर सांगा" म्हणाली, आणि पुतण्याचे कान उभे राहिले.

"बाबा?"

"माझे वडील आहेत," धाकटी म्हणाली.

मग पुतण्याने आपला मुद्दा अगदी विनयाने मांडला. काकांच्या उदासीनतेबद्दल त्याला शंका नव्हती, अशी उदासीनता त्याने आजवर पाहिली नव्हती. पण बाप तो बाप. पोरीची नोकरी जाताना दिसली की कुठल्याही बापाच्या तोंडून एखादा प्रश्न निसटेल. अध्यक्षबाईंनाही हे नाकारता येईना. त्यांनी विचारलं, की मग आता या घटकेला दुसरा उदासीन आणायचा कुठून.

"मी आहे ना," पुतण्या म्हणाला. "माझे संस्थापक काका गेल्यापासून मी दर बैठकीत सांगतोय, मला झाडात, पानात, पाखरात काडीचाही रस नाही. आणखी कसला पुरावा पाहिजे?"

मामा ताडकन उठले. प्रश्न विचारला नाही तर ज्याला जागा मिळणार, त्यालाच प्रश्न विचारायला बसवायचं, म्हणजे मांजराला दुधाची राखण द्यायची, असं ते म्हणाले. पुतण्याने त्यांना "बसा ना" म्हटलं. अध्यक्षबाईंनी बराच विचार केला. संस्थापकांच्या नियमात एवढंच होतं की माणसाला रस नसावा. त्याला जागाही नको असावी, असं कुठे नव्हतं. एरवी पाठच होणार नव्हते. त्यांनी घंटा हातात घेतली आणि मान हलवली.

बाबांच्या शेजारी दुसरी खुर्ची आली आणि पुतण्या तिच्यात बसला. बाबांची आता गरज नव्हती. पण उठायला निदान उठावंसं तरी वाटावं लागतं, म्हणून ते बसूनच राहिले.

धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. घुबडाचं चित्र नेमकं तिच्या डोक्यावर होतं.

पहिला उमेदवार एक उंच मुलगा होता. सोफ्यातून त्याला दोघांनी ओढून काढलं होतं, तो धक्का त्याच्या चेहऱ्यावर अजून होता. त्याने पाणथळ जागांवर पाठ घेतला. चांगला होता. आवाज खणखणीत, मोठे नकाशे, मध्येच एक बगळा उडतो कसा हे हात पसरून दाखवलं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुतण्या हाताची घडी घालून, ओठ मिटून, समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत होता. बाबा कुठेच बघत नव्हते. घंटा झाली.

दुसरी मुलगी कापडी पाणमांजर घेऊन आली होती. तिने ते हातात घातलं आणि पाणमांजर बोलायला लागलं. आपली नदी कुणी पळवली याची चौकशी ते खोलीभर करत फिरलं. पुतण्याच्या मांडीवर चढून त्याने त्याला विचारलं, की दादा, तुम्ही पाहिलीत का माझी नदी. पुतण्या म्हणाला, नाही. पाणमांजर बाबांकडे वळलं. बाबा बसस्थानकाच्या सवयीने म्हणाले, "पुढे विचारा." पाणमांजर पुढे गेलं. पुढे भिंत होती. तिथे ते थोडा वेळ घुटमळलं आणि घंटा झाली.

पालथ्या घड्यावर पाणी. धाकटीने खिडकीतून खाली पाहिलं. दुकानाचा माणूस टेप घेऊन जिन्याची रुंदी मोजत होता.

चहा झाला. पुतण्याने सगळ्यांना स्वतःच्या हाताने बिस्किटं दिली आणि धाकटीला म्हणाला, की तिने अजिबात काळजी करू नये, त्याच्याकडे हिशेबाला माणूस लागणारच आहे, वर बसायला सोफा. तो हे मनापासून म्हणत होता, आणि तेच जास्त झोंबणारं होतं.

तिसरी उमेदवार आली ती एकटीच. नकाशे नाहीत, बाहुली नाही. हातात बुटांचं एक खोकं, त्याला सुतळी बांधलेली, झाकणाला बारीक भोकं. तिने खोलीत नजर फिरवली. खोकं ठेवायला टेबल मोकळं नव्हतं, त्यावर चहाचे कप होते.

"काका, जरा धरता?" तिने पुतण्याला विचारलं.

पुतण्याने हाताची घडी आणखी घट्ट केली. मग तिने खोकं बाबांपुढे धरलं. बाबांनी ते घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसले.

खोकेवाली फळ्याकडे वळली आणि शिकवायला लागली. पडलेल्या झाडांबद्दल. जंगलात झाड मरून पडतं त्याचं पुढे काय होतं, कोण कोण त्याच्याकडे राहायला येतं, वगैरे. खडू हळू चालत होता, आवाज बारीक होता. बगळ्याचं आणि पाणमांजराचं कौतुक झालेल्या त्या खोलीत हा पाठ म्हणजे अगदीच मिळमिळीत. खोक्याबद्दल ती अवाक्षर काढत नव्हती. धाकटीने मनातल्या मनात भिंतीवरची चित्रं उतरवायला घेतली.

तेवढ्यात खोकं म्हणालं, कर्र.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. मामांची मान खोक्याकडे वळली. खोकेवाली पाठमोरीच लिहीत राहिली.

कर्र, कर्र. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम लांबलचक कर्रर्र, जणू आत कुणीतरी खूप बारीक करवत घेऊन बसलंय आणि त्याला मुदतीत काम संपवायचंय.

पुतण्याने खिळ्यावरची नजर हटवली नाही. पण त्याचा बाबांच्या बाजूचा कान लाल झाला. तो मनुष्य सोफ्यांच्या धंद्यात होता. बंद गोष्टीच्या आत काय आहे हे विचारणं हा त्याच्या रक्तातला भाग होता. काथ्या आहे का फोम, साग आहे का आंबा. आणि इथे एक बंद खोकं हातभर अंतरावर कुरकुरत होतं, आणि ज्याच्या मांडीवर ते होतं तो माणूस ढिम्म बसला होता.

सगळा घोळ तिथेच झाला. खोकं नुसतं टेबलावर असतं तर पुतण्याने निभावून नेलं असतं. पण बाबांच्या मांडीवर ते असणं त्याला सोसेना. दुसऱ्या कुणीही एव्हाना झाकण उचकटलं असतं, निदान भोकातून डोकावलं असतं. बाबांनी काय केलं, तर जांभई दिली. मग त्यांना पेंग आली. हात सैल पडले. खोकं मांडीवरून घसरत घसरत गुडघ्यापर्यंत आलं, तिथे थोडं डुललं, आणि आतून पुन्हा आवाज आला, कर्र.

पुतण्याने दोन्ही हातांनी खोकं सावरलं.

"अहो काका, सांभाळा की. आहे तरी काय यात?"

खडू थांबला. बाबांनी डोळे उघडले, प्रश्न नोंदवून घेतला, आणि इतक्या वर्षांच्या सरावाने, अंगठा फळ्याकडे करून म्हणाले,

"चौकशी तिकडे."

आपण काय करून बसलो हे पुतण्याला कळलं होतं. मी काकांना विचारलं, पोरीला नाही, असं तो पुटपुटला, आणि अध्यक्षबाई विचारात पडल्या, कारण त्यात तथ्य होतं. एका क्षणाला सगळंच पुन्हा लटकलं. पुतण्याने आता फक्त गप्प बसायचं होतं. घंटा व्हायला थोडाच वेळ राहिला होता, आणि जागा त्याची होती.

खोकं त्याच्या हातात होतं. त्याच्या बोटांना ते आतून हलताना जाणवत होतं.

कर्र.

पुतण्याने धाकटीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि शेवटी खोकेवालीकडे.

"काय आहे गं यात?"

"तुम्हाला काय वाटतं?" खोकेवाली म्हणाली.

अध्यक्षबाईंची घंटा झाली, पण ती कुणी ऐकली नाही. पुतण्याला उंदीर वाटला. नाही. चावीचं खेळणं? नाही. खोकेवालीने त्याला कान लावायला सांगितलं. तो कान लावून बसला, डोळे मिटून, आणि म्हणाला की हे लाकूड आहे, लाकडाला कुणीतरी खातंय. मग तिने सुतळी सोडली. आत एका मोडक्या खुर्चीचा पाय होता. त्याच्या आत, दिसत नव्हती पण होती, भुंगेऱ्याची अळी होती. जंगलात असती तर पडलेल्या झाडाची माती करून मोकळी झाली असती, खोकेवाली म्हणाली. चुकून खुर्चीच्या लाकडात जन्मली, म्हणून एका खुर्चीवर संसार चाललाय.

आता पुतण्याला कुणी थांबवू शकत नव्हतं. ही अळी सागात होते का? बाहेर कधी येते? किती दिवस आत राहते? किती वर्षं? वर्षं? सोफ्याच्या लाकडात असली तर वरून कळतं का? खोकेवालीने सांगितलं, बारीक भोक दिसलं आणि खाली पिठासारखा भुसा पडला असेल तर समजायचं. पुतण्या उठला आणि पॅसेजमध्ये गेला. थोड्या वेळाने सगळे बाहेर आले तर तो एका तीन आसनी सोफ्याच्या पायाशी पालथा पडून लाकडाला कान लावत होता.

"शिष्यवृत्ती हिला द्यायची ना?" अध्यक्षबाईंनी वरूनच विचारलं.

"द्या, द्या," तो खालून म्हणाला. "पण आधी हिला इकडे पाठवा. या आरामखुर्चीतून काहीतरी ऐकू येतंय."

मामा त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून त्याला दिली, उलट्या बाजूने बघितलं की भिंग होतं म्हणाले, आणि दोघं मिळून आरामखुर्चीच्या मागच्या पायात शिरले. मामांच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. बिघडलेल्या माणसाला सोबत लागते.

ऑफिस बंद करून धाकटी बाबांबरोबर घरी निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबांच्या हातात छत्री, तिच्या हातात डबा. तिला सगळ्या जगाला मिठी मारावीशी वाटत होती, पण शेजारी बाबा होते. त्यांनी काहीही न करून योजना वाचवली होती, आणि हे त्यांना सांगावं तर त्यांनी "बरं" म्हटलं असतं. ज्या माणसाने कधी झाडाकडे मान वर करून पाहिलं नाही त्या पुतण्याने आज रांगेने प्रश्न विचारले. मग एक प्रश्न घरातही मिळायला काय हरकत होती, असं तिला उगीचच वाटून गेलं.

डबा रिकामा होता आणि आत चमचा सुटा होता. ती चालेल तसा तो वाजत होता. खुळ्ळ. मग काही नाही. मग खुळ्ळखुळ्ळ.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानापाशी बाबा थांबले.

"त्यात काय आहे?"

धाकटीही थांबली. डब्यात चमचा आहे, हे सांगायला काहीच लागत नव्हतं. पण ती आज नुकतीच काहीतरी शिकून आली होती.

"तुम्हाला काय वाटतं?"

बाबांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी डब्याकडे पाहिलं. बराच विचार केला. चौकशीच्या खिडकीत असताना कुणी त्यांना त्यांचं मत विचारलं नव्हतं.

"चमचा," ते म्हणाले.

"बरोबर."

ते पुढे चालायला लागले. पाचसहा पावलं गेल्यावर बाबांनी घसा खाकरला. खिडकीची बाजू बदलायची म्हणजे माणसाला सोपं नसतं.

"आणि तू तिथे," ते म्हणाले, "नक्की करतेस काय?"

धाकटीला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, की हा प्रश्न आपल्याला इतकी वर्षं हवा होता. दुसरी, की बाबाही बिघडले, पुतण्या तर गेलाच, आणि पुढच्या वर्षी उदासीन आणायचा कुठून हे देवालाच माहीत. पण पुढचं वर्ष पुढच्या वर्षी. तिने डबा त्यांच्या हातात दिला आणि अगदी बटणांपासून सांगायला सुरुवात केली. संस्थापकांपासून वटवाघळांपर्यंत आली तेव्हा बाबांनी विचारलं, ती उलटी का लटकतात. घुबडापाशी आली तेव्हा विचारलं, तो मुलगा आता कितवीत आहे. पाणमांजरापाशी त्यांनी थोडं वाईट वाटून विचारलं, की त्याला नदी सापडली का.

घर आलं आणि मागे गेलं. गॅलरीत कपडे काढणाऱ्या आईने पाहिलं, तर बाप आणि लेक दारावरून सरळ पुढे निघाले होते, आणि बाप बोलत होता.

"अहो, निघालात कुठे?" तिने वरून विचारलं.

बाबांनी मागे न बघता छत्री धाकटीकडे केली.

"चौकशी इकडे."